चर्चच्या वॉचमनला, क्लार्कला, बोर्डिंगच्या आचाऱ्याला ओव्हरटाइम द्यावा लागतो का?

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मिरजेकडच्या एका चर्चच्या तुम्ही खजिनदार. चर्चमध्ये पाळकसाहेब, ऑफिसला एक क्लार्क, एक वॉचमन, व्हॅनचा ड्रायव्हर, आणि कंपाउंडमध्येच मुलांचं बोर्डिंग आहे तिथं आचारी आणि वॉर्डन. नाताळाच्या आठवड्यात सगळे चौदा चौदा तास राबले, आता वॉचमनने जादा तासांचे पैसे मागितलेत. पंचांपैकी (म्हणजे चर्चच्या कमिटीतल्यांपैकी) एकजण म्हणतात ही देवाची सेवा आहे, तिथं कसला ओव्हरटाइम, आणि अमेरिकेतला तुमचा चुलतभाऊ म्हणतो की चर्चला हे कायदे लागतच नाहीत. तर नक्की काय करायचं.

मी सांगली-मिरज-कुपवाड भागात पगारपत्रकं, पीएफ आणि लेबर ऑफिसची कामं बघतो, त्यात धर्मादाय ट्रस्ट भरपूर आहेत, मंदिरंही आहेत दर्गेही आहेत आणि चर्चही. यात्रा, उरूस, नाताळ झाला की हाच प्रश्न सगळीकडून येतो आणि सगळीकडे घोटाळा एकच असतो: इमारतीवर पाटी कशाची आहे ते बघून ठरवतात. कायदा पाटी बघत नाही, त्या माणसाचा हात दिवसभर काय काम करतो ते बघतो. म्हणून सूट चर्चला आहे का हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला आहे, तुमच्या पगारपत्रकावरचं एकेक नाव घ्या आणि त्याचं काम काय ते विचारा.

पाळकसाहेबांचं सोपं आहे. उपासना चालवणं, बाप्तिस्मा, लग्न, दफनविधी, आजारी माणसाला भेटायला जाणं, हे आध्यात्मिक काम, त्याला तास नसतात आणि ओव्हरटाइमही नसतो. बायबल वुमन (बायकांमध्ये वचन सांगणारी सेविका) असेल, सुवार्तिक असेल तर त्यांचंही तेच. त्यांचं मानधन अपुरं असेल तर ते वाढवा, तो विषय वेगळा.

बाकीच्यांचं तसं नाही. १९७८ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी बंगलोर वॉटर सप्लायच्या केसमध्ये 'इंडस्ट्री' म्हणजे काय, म्हणजे औद्योगिक वादांचा कायदा कुठल्या कामाला लागतो, ते ठरवलं, निकाल मुख्यतः न्या. कृष्ण अय्यर यांचा. त्यात निव्वळ धार्मिक, आध्यात्मिक काम बाहेर ठेवलं पण लगेच पुढे असंही म्हटलं की मोठ्या प्रमाणावर प्रसाद किंवा अन्न बनवणं असली कामं त्यातून सुटत नाहीत. म्हणजे बघा, देवाच्या नावाने असलं तरी चुलीवरचं काम ते चुलीवरचंच काम राहिलं. तुमचा बोर्डिंगचा आचारी इथं येतो.

आता जरा गुंतागुंतीचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवे लेबर कोड (कामगार कायद्यांच्या संहिता) लागू झाले. त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये इंडस्ट्रीच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी गुंतलेल्या संस्थांनी चालवलेल्या संस्था वगळल्यात. हे वाचून बरेच ट्रस्टी खूश झाले, की चला आपण सुटलो. पण तो कोड आहे युनियन, संप, कामावरून काढणं, कामगार कोर्टातले वाद यांच्यासाठी. पगाराचा कोड वेगळा, कोड ऑन वेजेस २०१९, आणि त्यात किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या बाबतीत धर्मादाय संस्थांना अशी सरसकट सूट दिलेलीच नाही. त्यात सूट आहे ती बोनसच्या प्रकरणात, नफ्यासाठी नसलेली हॉस्पिटलं, समाजकल्याण संस्था, शिक्षणसंस्था यांना बोनसचा भाग लागत नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना जिथं सूट द्यायची होती तिथं त्यांनी स्पष्ट लिहिलीये, ओव्हरटाइमला लिहिली नाही. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच मीटिंगमध्ये कुणी वाचून दाखवत नाही.

कोड ऑन वेजेसच्या कलम १४ मध्ये सरळ आहे, ठरलेल्या कामाच्या तासांपेक्षा जास्त काम करून घेतलं तर जादा तासांना नेहमीच्या दराच्या कमीत कमी दुप्पट. आपल्याकडे किर्लोस्करवाडी आणि साखर कारखान्यांमुळे डबल ओटी (दुप्पट ओव्हरटाइम) म्हणजे काय हे घराघरात माहीत आहे, फक्त ते कारखान्याच्या गेटच्या आतच असतं असा समज आहे. तसं नाही.

आता कुणी म्हणेल की चर्च म्हणजे या कोडमधली 'आस्थापना' होते का, कारण व्याख्येत उद्योग, व्यापार, धंदा, उत्पादन किंवा व्यवसाय चालतो अशी जागा असं लिहिलंय. नुसतं प्रार्थना मंदिर, एक पाळक आणि झाडलोट करणारा एक माणूस एवढंच असेल तर वकील यावर वाद घालू शकतो, तो वाद खोटा नाही. पण तुमच्या कंपाउंडमध्ये बोर्डिंग आहे, हॉल भाड्याने जातो, व्हॅन चालते. आपल्या भागात तर हे पहिल्यापासूनच असं आहे, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून मिशन म्हटलं की चर्च, दवाखाना, शाळा, बोर्डिंग सगळं शेजारी शेजारी. त्यामुळे एका भिंतीच्या आत प्रार्थनाही आहे आणि साधं नोकरीचं कामही आहे. दोन्ही वेगवेगळं धरा. शॉप अ‍ॅक्टच्या, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात तर सोसायटी आणि धर्मादाय ट्रस्ट नफ्यासाठी असो वा नसो, धंदा-व्यवसाय किंवा त्याला जोडून काम करत असेल तर आत येतो असं शब्दात लिहिलंय. फक्त तो कायदा आधी १० किंवा जास्त कामगारांना लागायचा, २०२५ मध्ये राज्याने ती मर्यादा २० केली आणि रोजचे तास ९ वरून १० पर्यंत नेले, तिमाहीत ओव्हरटाइमची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४ केली. तुमच्याकडे सात-आठच माणसं, म्हणून शॉप अ‍ॅक्टचे तास-बिस तुम्हाला फार अडवणार नाहीत. पण वेज कोडला माणसांच्या संख्येची अट नाही, एक नोकर असला तरी मालक तो मालक. रोज ८ आणि आठवड्याला ४८ तास धरून चाला, त्यावरचं सगळं ओटी.

आता पैशाचं बघू कारण पंच मंडळींना आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही. हिशोबाला सोपं पडतं म्हणून वॉचमनचा पगार महिना १३,००० धरतो (तुमचा आकडा चालू किमान वेतनापेक्षा कमी नाही ना ते आधी बघा, विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो आणि परिमंडळाप्रमाणे दर वेगळा असतो). १३,००० भागिले २६ दिवस म्हणजे रोजचे ५००, भागिले ८ म्हणजे तासाला साडेबासष्ट, दुप्पट केले की १२५ रुपये. नाताळाच्या आठवड्यात समजा सहा दिवस रोज ३ तास जास्त, शिवाय २४ तारखेची रात्र आणि ३१ ची वॉच नाईट सर्व्हिस (नव्या वर्षाची रात्रीची उपासना) दोन्हीला आणखी ४-४ तास. झाले २६ तास, म्हणजे ३,२५० रुपये. तुम्ही त्याला पाकिटात हजार रुपये आणि शर्टपीस दिलं असं लिहिलंय. मनापासून दिलं असणार, पण कायद्याच्या हिशोबात ती नाताळची भेट झाली, ओव्हरटाइम नाही, कारण त्या पाकिटावर ना तास आहेत ना दर. पुढच्या वेळी भेट द्यायची तर जरूर द्या, पण ओटीचे पैसे वेगळ्या ओळीत पगाराबरोबर बँकेत टाका.

पण नाताळाचा आठवडा ही छोटी गोष्ट आहे हो. तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय की वॉचमन 'नेहमीप्रमाणे सकाळी आठ ते रात्री आठ' असतो. खरा प्रश्न तिथं आहे. १२ तासांची ड्युटी म्हणजे रोज ४ तास ओटी, २६ दिवसांचे १०४ तास, गुणिले १२५ म्हणजे १३,००० रुपये. त्याच्या पगाराएवढाच ओव्हरटाइम दर महिन्याला होतोय आणि कुणाच्या लक्षातही नाही, कारण वॉचमन म्हणजे बाराच तास असं आपण गृहीत धरलंय. मध्ये त्याला तासभर खरी सुट्टी असेल, म्हणजे गेट दुसऱ्याकडे देऊन घरी जाऊन जेवतो, तर तो तास वजा करा. पण गेटवरच बसून डबा खातो आणि मध्ये कुणी आलं की उठतो, तर ती ड्युटीच.

आता यातून मार्ग काय, तर बारा तासांचे दोन वॉचमन ठेवणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे. कायद्याने हिशोब केला तर दोघांचे ५२,००० होतात. आठ-आठ तासांचे तीन ठेवले तर ३९,००० मध्ये चोवीस तास भागतात, वर आठवड्याच्या सुट्टीसाठी एक बदली माणूस लागेल तरी स्वस्तच पडतं, आणि माणसं रात्री जागी राहतात. तुम्हाला दिवसपाळीच पुरत असेल तर आठ तासांचा एक आणि संध्याकाळी चार तासांचा एक असं करा, कंपाउंडमधलाच एखादा कॉलेजचा मुलगा मिळतो. पंचांच्या मीटिंगला हा कागद घेऊन जा, कायद्याची भीती दाखवण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं असा माझा अनुभव आहे.

वॉचमनला कंपाउंडमध्ये खोली दिलीये म्हणून तो चोवीस तास ड्युटीवर, हे पण सगळीकडे ऐकतो. खोली दिली ही चांगली गोष्ट, पण खोलीने ओटी फिटत नाही, पगार पैशातच द्यावा लागतो. त्याच्या ड्युटीची वेळ लिहून द्या आणि ती संपल्यावर त्याला हाक मारू नका, मारली तर तेवढे तास मांडा. बोर्डिंगच्या वॉर्डनचं असंच, रात्री मुलं झोपल्यावर तोही झोपतो ते तास आणि एखाद्या मुलाला ताप आला म्हणून मिरजेच्या दवाखान्यात घेऊन बसला ते तास, दोन्ही सारखे धरू नका. वॉर्डन खरोखर देखरेखीचा अधिकारी आहे, म्हणजे माणसं नेमतो, रजा मंजूर करतो, खर्च सही करतो, असं असेल तर तो प्रश्न वेगळा होतो. नुसतं नाव वॉर्डन आणि काम मात्र भांडी मोजण्यापासून पाणी सोडण्यापर्यंत सगळं, तर तो कामगारच.

आचाऱ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते कारण तो बोलत नाही. पहाटे साडेपाचला चुलीपाशी, दुपारी दोन तास मोकळा, रात्री साडेनऊला भांडी आवरून घरी. मधले दोन तास खरंच मोकळे असतील तरी चौदा तास होतात. रविवारी तर मंडळीचं प्रीतिभोजन असेल तेव्हा अजून. आणि त्याची आठवड्याची सुट्टी कधी? चर्चमध्ये रविवार हा कामाचा दिवस, त्यामुळे इतरांसारखी रविवारची सुट्टी तुमच्या स्टाफला मिळत नाही, म्हणून सोमवार किंवा दुसरा कुठला तरी वार ठरवून लिहून द्यायलाच हवा. कितीतरी ठिकाणी वार ठरलेलाच नसतो, म्हणजे माणूस महिना महिना सलग कामावर. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी द्या, पण साध्या दिवसाचे जादा तास 'उद्या दोन तास लवकर जा' म्हणून फेडायचे नाहीत, त्याला पैसेच.

क्लार्क आणि ड्रायव्हर पटकन उरकतो. क्लार्क वार्षिक सभेच्या, ऑडिटच्या वेळी रात्री थांबतो ते तास मांडा. ड्रायव्हरचं, व्हॅन घेऊन साताऱ्याला किंवा कोल्हापूरला परिषदेला गेला आणि सभा संपेपर्यंत थांबला, तर थांबलेला वेळही कामाचाच, त्याला मधे कुठं जाता येत नाही. शाळा असेल तर तिथले शिक्षक या हिशोबात येत नाहीत, त्यांना १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे.

आता सेवेबद्दल, कारण तुमच्या पंचांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. सभासद स्वतःहून येऊन तारा लावतो, येशूजन्माचा गोठा सजवतो, भजनी मंडळात रात्रभर कॅरोल म्हणत फिरतो, ती सेवाच, त्याला पगार नाही आणि ओटीही नाही. पण पगारी माणूस, जो त्याच गेटवर रोज पगार घेऊन उभा असतो, तो २४ तारखेला रात्री त्याच गेटवर उभा राहिला तर ती सेवा म्हणता येत नाही. तो नाही म्हणू शकत होता का, एवढंच स्वतःला विचारा. त्याला कॅरोलमध्ये गायचं असेल, वेदीची फुलं लावायची असतील, ते त्याच्या मर्जीने वेगळं करू द्या. आणि 'मला ओव्हरटाइम नको' असं लिहून घेतलेला कागद तर अजिबात ठेवू नका, कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देण्याचा करार वेज कोडमध्ये रद्दबातलच धरला जातो, उलट तो कागद तुम्हाला कायदा माहीत होता याचा पुरावा होतो.

तुमच्या चुलतभावाचं. त्याचं अर्धं बरोबर आहे पण ते तिकडचं. अमेरिकेत १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट आहे, आठवड्याला ४० तासांवर दीडपट दर, आपल्यासारखा दुप्पट नाही आणि रोजच्या तासांचा हिशोबही त्यात नाही. तिथंसुद्धा चर्चला म्हणून सरसकट सूट नाहीच. धर्मगुरूंना आहे. बाकी स्टाफचं असं की चर्चची शाळा, बालवाडी, हॉस्पिटल असेल तर कायदा थेट लागतो, नाहीतर संस्थेची व्यापारी उलाढाल वर्षाला ५,००,००० डॉलर आहे का, त्यात दानपेटीचे पैसे धरत नाहीत, किंवा त्या माणसाचं स्वतःचं काम दुसऱ्या राज्यांशी व्यवहाराचं आहे का, हे बघतात. छोट्या गावातलं चर्च यात बऱ्याचदा बाहेर राहतं, म्हणून तुमच्या भावाला तसं वाटलं असेल. ऑफिस मॅनेजरसारख्या पगारी माणसाला ओटीतून वगळायचं तर त्याला आठवड्याला निदान ६८४ डॉलर द्यावे लागतात आणि कामही तसं असावं लागतं. ही मर्यादा २०२४ मध्ये वाढवली होती, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. आणि १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने अलामो फाउंडेशनच्या केसमध्ये धार्मिक संस्थेच्या धंद्यात जेवण, कपडे, निवारा यावर राबणाऱ्या लोकांना कर्मचारीच ठरवलं, ते स्वतः आम्ही स्वयंसेवक आहोत म्हणत होते तरीही. तेव्हा अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर पंचांना ही केस पण सांगा.

आता तुम्ही खजिनदार म्हणून आधी काय करायचं. गेटजवळ एक हजेरी वही ठेवा, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. बास, एवढंच, मशीन नको. सही त्याने स्वतः करायची, क्लार्कने सगळ्यांच्या एकदम ८ ते ४ लिहून टाकायच्या नाहीत. हे कळीचं आहे, कारण वेज कोडमध्ये पैसे दिलेत हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. वही नसेल तर वॉचमन जे तास सांगेल तेच समोर राहतात. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, पगारपावतीवर ओटीचे तास आणि दर वेगळे. जादा थांबवायचं असेल तर आधी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर 'शनिवारी रात्री थांबाल का' आणि त्याचं 'हो' एवढं पुरतं.

बजेटमध्ये ओव्हरटाइम नावाचा वेगळा खर्च धरा. वर्षभरात जादा काम कधी येतं ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), हंगामाचा सण, डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा, लग्नांचा हंगाम. हॉल भाड्याने देताना तर वॉचमनच्या आणि सफाईच्या जादा तासांचे पैसे भाड्यातच लावून घ्या, ते चर्चच्या खिशातून जायचं कारणच नाही. ट्रस्टचा हिशोब दरवर्षी ऑडिट होऊन धर्मादाय ऑफिसला जातो, तिथं 'इतर खर्च' मध्ये पाकिटं दाखवण्यापेक्षा हे स्वच्छ दिसतं.

मागच्या थकबाकीचं तुम्ही विचारलंय. दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे आणि अधिकाऱ्याने भरपाई लावली तर ती मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते, म्हणून वाट बघत बसू नका. वॉचमनला पाळकसाहेबांच्या ऑफिसात समोर बसवा, पंचांपैकी दोघं असू द्यात, जुन्या सर्व्हिसच्या तारखा, हॉल बुकिंगची वही, बोर्डिंगची पटसंख्या यावरून तास काढा, त्याचं म्हणणं ऐका. आकडा ठरला की हप्त्याने द्यायचा असेल तर त्याच्याशी बोलून तारखा लिहा, बँकेतून द्या, पावतीवर कुठल्या महिन्याचे किती तास ते नमूद करा. आणि मागितलं म्हणून त्याची ड्युटी बदलणं, खोली खाली करायला सांगणं असलं काही होऊ देऊ नका, मीटिंगमध्ये कुणी सुचवलं तर तुम्हीच थांबवा. तुम्ही लिहिलंय की आचारी मे मध्ये काम सोडणार आहे, त्याचा हिशोब तर आत्तापासूनच काढायला घ्या, कारण सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत त्याचा सगळा पगार हातात पडायला लागतो, त्यात ओव्हरटाइमही आला.